पहिला स्कूबा संच: नागपूरच्या कपाटासाठी

९ फेब्रुवारी २०२५

मालवणहून परतून तीन आठवडे झाले. लेकीचा आणि माझा, दोघांचाही ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स झाला आणि १८ मीटरपर्यंत उतरायची परवानगी हातात आली. आता हळूहळू स्वतःचं सामान जमवायचं. दोघांत मिळून एक लाख रुपये, तेही वर्षभरात पसरून. त्यासाठी ही वही.

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या हायड्रॉलिक वर्कशॉपमध्ये सांगितलं, तेव्हा तिथले सर्वांत जुने फिटर भाऊ म्हणाले, "समुद्र तं इथून हजार किलोमीटर. घरी ठेवून काय करशीन बावा त्याचं?" दिवसभर हाच प्रश्न डोक्यात राहिला. आमची वर्षाला एक, फार तर दोन फेऱ्या होणार. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंदच असतं. म्हणजे सामान वर्षातले आठ-दहा दिवस खाऱ्या पाण्यात राहणार आणि उरलेले साडेतीनशे दिवस नागपुरातल्या कपाटात. मिळतो तो सगळा सल्ला समुद्राकाठच्या माणसासाठी असतो. "आधी रेग्युलेटर घ्या, जीव त्याच्यावर आहे," असं बहुतेक जण सांगतात; रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरची हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारं यंत्र. आमच्यासाठी हा क्रम बरोबर आहे का, हे मला शोधायचं आहे.

जानेवारीत जे खुपलं ते आधी लिहून ठेवतो. लेकीला भाड्याने मिळालेलं, हवा भरून तरंगायचं जॅकेट, म्हणजे बीसीडी, दोन मापं मोठं होतं. वर येऊन हवा भरली की जॅकेट वर सरकून हनुवटीला भिडायचं आणि सिलिंडर पाठीवर डावी-उजवीकडे कलंडायचा. माझ्या मास्कमध्ये सतत पाणी येत होतं. आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला गेजचा बारीक काटा जवळून नीट दिसत नाही. तीनही गोष्टींचं मूळ एकच होतं: सामान चांगलं होतं, पण आमचं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

मास्कपासून सुरुवात. पोहण्याचा गॉगल का चालत नाही हे लेकीच्या आईने विचारलं. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, मास्कमधली हवा आक्रसते आणि काच चेहऱ्यावर दाबली जाते. मास्कमध्ये नाक असतं म्हणून नाकातून थोडी हवा सोडून तो दाब बरोबरीत आणता येतो. गॉगलमध्ये नाक बाहेर, त्यामुळे हवा सोडायला वाटच नाही.

मास्क पारखायची रीत इन्स्ट्रक्टरनी शिकवली होती. पट्टा डोक्यामागे घ्यायचा नाही. मास्क नुसता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने अगदी हलका श्वास आत घ्यायचा आणि हात सोडायचा. तो चिकटून राहिला पाहिजे. जोरात ओढून कुठलाही मास्क चिकटतो, म्हणून हलका श्वास. ही परीक्षा घरी बसून मागवलेल्या मालावर करता येत नाही. पुण्याला भाचीच्या लग्नाला जायचंच होतं, तिथल्या दुकानात दोघांनी मिळून चौदा मास्क लावून पाहिले. लेकीला सहाव्यालाच बसला. माझ्या चेहऱ्यावर एकही टिकेना.

कारण मिशी. सिलिकॉनची कड वरच्या ओठावर जिथे बसते तिथे केस आले की पाण्याला वाट मिळते. दुकानातल्या मुलाने मिशीला व्हॅसलिन लावायचा सल्ला दिला. तो मी घेतला नाही. आमच्या कामात पेट्रोलियमपासून केलेलं ग्रीस चुकीच्या रबराला लागलं की काय होतं हे रोज दिसतं. ईपीडीएम नावाच्या रबराची ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारं कडं, तर फुगून खोबणीतून बाहेर येते. डायव्हिंगच्या रबराला सिलिकॉन ग्रीसच बरं. शेवटी नाकाखालची सुताएवढी पट्टी साफ केली, बाकी मिशी ठेवली. पुढचाच मास्क हात सोडल्यावर जागचा हलला नाही. काळ्या कडेचा, कमी आतली जागा असलेला, ३,२०० रुपये. आतली जागा कमी असली की आत आलेलं पाणी एका फुंकरीत बाहेर जातं.

२ मार्च

लेकीला चष्मा आहे. उजवा मायनस ३.००, त्यात सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर, मायनस १.००. मास्कमध्ये बसवायच्या तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यात मिळतात आणि त्यात सिलिंडर नंबर नसतो. धरमपेठेतल्या आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्या काकांकडे मास्कच घेऊन गेलो. त्यांनी हिशेब मांडून दाखवला: सिलिंडरचा अर्धा आकडा मूळ नंबरात मिळवायचा, म्हणजे मायनस ३.५०. डावा साधाच आहे, मायनस ३.००. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेली वस्तू होती, पण दहा मिनिटांत मला सगळं समजावून दिलं.

पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात. काचेच्या आतल्या हवेत शिरताना प्रकाश वाकतो त्यामुळे. म्हणून नंबर किंचित कमी पडला तरी चालतो. माझ्या जवळच्या नंबरासाठी काचेच्या खालच्या भागात चिकटवायचं छोटं भिंग मिळतं, पण आधी मोठ्या आकड्यांचा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र, पाहू, भिंगाची गरज पडणारही नाही.

नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर राहिलेला असतो आणि त्यामुळे सारखी वाफ धरते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने पाच वेळा चोळून धुतली. लेकीने आरशासमोर श्वास सोडून पाहिला, धुकं येत नाही.

२३ मार्च

सिलिंडर स्वतःचा घ्यायचा नाही, हे आज पक्कं झालं. गंमत वाटली की याचं उत्तर नागपुरातच आहे. देशभरातल्या दाबाखालच्या गॅस सिलिंडरांवर देखरेख करणारी पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, तिचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ तिथूनच राबवले जातात. आमच्या वर्कशॉपला त्या नावाची चांगली ओळख आहे. परदेशातून कोणी स्वस्तात आणलेला, मान्यतेचा शिक्का नसलेला सिलिंडर भारतात भरून घेता येत नाही. मान्यतेचा घेतला तरी ठराविक वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी आलीच. २०० बार म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या दाबाच्या पंचवीसेक पट. तो भरायला इथे श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर कुठून आणणार? वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ असते, ती फुप्फुसात जाता कामा नये. फिटर भाऊंनी तेही विचारलं होतं, "आपल्या मशीनवर भरून नाही होत का?" म्हणून इथे स्पष्ट लिहितो: नाही.

पाण्याखाली जाता यावं म्हणून अंगावर बांधायचं शिसंही घ्यायचं नाही. ते कुठल्याही डायव्हिंग केंद्रावर मिळतं आणि आगगाडीत ओढत न्यायला जड.

२० एप्रिल

फिन्स, म्हणजे पायातली वल्ही, आणि बूट. मागे उघडे, बुटावर घालायचे फिन्स घेतले. बोटीच्या शिडीवर अनवाणी पाय सोलतात, जानेवारीत अनुभव घेतला आहे. फिन्स बूट घालूनच मापायचे. रबरी पट्ट्याऐवजी स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा असलेले निवडले, कारण इथल्या उन्हाळ्यात रबर तडकतं. ६५ सेंटिमीटरच्या बॅगेत तिरपे बसतात. या विषयावर यापेक्षा जास्त विचार करण्यासारखं काही नाही.

१८ मे

बाहेर भट्टी. माळ्यावर, गच्चीच्या स्लॅबखाली, दुपारी थर्मामीटर ठेवून पाहिला: ४६. खालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ३६. माळा बाद. नायलॉनच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला निओप्रिनचा, म्हणजे फेसाळ रबराचा सूट अशा उष्णतेत घडीच्या जागी कायमचा दबतो, आणि दबलेला निओप्रिन ऊब धरत नाही, कारण ऊब त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांमुळेच असते. सूट रुंद हँगरवर टांगायचा. मास्क त्याच्या कडक डबीत, काळ्या रबरापासून लांब; पारदर्शक सिलिकॉनला काळ्या रबराचा डाग लागतो. लेकीचा मास्क पारदर्शक आहे, म्हणून डबीवर तिनेच चिठ्ठी चिकटवली.

एक कप्पा रिकामा करून मिळाला. तिथे तिच्या आईच्या जरीच्या साड्या होत्या. "साड्यांना जागा मी शोधते, पण सामान धुतल्याशिवाय आत आलं तर बघा," एवढीच तिची अट.

२९ जून

महिनाभर रेग्युलेटरवर घालवला. हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पहिला ॲक्वालंग, म्हणजे आजच्या रेग्युलेटरचा पूर्वज, तयार केला. गान्यां हा गॅसच्या कामातला इंजिनिअर. युद्धात पेट्रोलची टंचाई असताना गॅसवर मोटारी चालवण्यासाठी त्याने जो झडपेचा रेग्युलेटर बनवला होता, त्याच कल्पनेवर हे यंत्र उभं राहिलं. मागू तेवढाच गॅस द्यायचा, त्याहून थेंबभर जास्त नाही. आमच्या वर्कशॉपच्या बाकावर ठेवला तर कुठलाही फिटर ही वस्तू अर्ध्या तासात ओळखेल.

रेग्युलेटरचे दोन भाग. सिलिंडरवर बसणारा फर्स्ट स्टेज त्यातला २०० बार उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार वर आणून ठेवतो. तोंडातला सेकंड स्टेज उरलेला उतरवतो. साध्या पिस्टनच्या, अनबॅलन्स्ड फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडरचा दाब झडपेवरच येतो, त्यामुळे सिलिंडर रिकामा होत आला की श्वास किंचित जड होतो. बॅलन्स्डमध्ये तसं होत नाही. डायफ्रॅमच्या, म्हणजे लवचिक पडद्याच्या रचनेत आतल्या भागाला खारं पाणी लागत नाही. पिस्टनमध्ये सुटे भाग कमी. मला स्वतःला कमी भागांचं यंत्र आवडतं.

सिलिंडरशी जोडणीचा प्रश्न: योक (शिकंज्याने आवळायची) की डिन (आट्यांनी बसवायची). डिनमध्ये ओ-रिंग बंदिस्त खोबणीत बसते, जोडणी म्हणून तीच पक्की. पण आपल्याकडच्या केंद्रांवर बहुतेक सिलिंडर योकचे. डिन घेतलं तर अडॅप्टर सोबत बाळगावा लागेल.

मग एक वापरलेला सेट समोर आला. एका गृहस्थांनी डायव्हिंग सोडलं होतं, १८,००० रुपयांत सगळं देत होते. रविवारी सकाळी पाहायला गेलो. मीटरभर अंतरावरून अगदी नवा दिसत होता. नळीवरचं प्लास्टिकचं संरक्षण मागे सरकवलं, तर खाली बारीक भेगा. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी जाळीसारखा फिल्टर असतो, तो हिरवट पडला होता. फिल्टरवर तांबूस रंग असता तर सिलिंडरमधला गंज म्हणालो असतो. हिरवा म्हणजे आत खारं पाणी शिरलं आणि पितळ गंजायला लागलं. झाकण लावून धुवायचं असतं, ते कधीतरी राहून गेलं असणार. मग झाकण घट्ट लावून सेकंड स्टेजमधून श्वास ओढून पाहिला. काहीच यायला नको होतं. थोडी हवा आली.

हे सगळं दुरुस्त होऊ शकतं. पण त्या मॉडेलचं पार्ट किट आता मिळत नाही. ओ-रिंग माझ्याकडे ढिगाने आहेत. योकच्या सिलिंडरच्या तोंडाला लागते ती ०१४ नंबरची, आतला व्यास १२.४२ मिलिमीटर, हिंगण्याला दोन रुपयांत मिळते. पण झडपेची सीट आणि डायफ्रॅम मला करता येणार नाही. शिवाय रेग्युलेटर जोडून दाब तपासायचं रीतसर बाक आणि त्या कंपनीचं शिक्षण माझ्याकडे नाही. हायड्रॉलिकमध्ये गळती झाली तर जमिनीवर तेल सांडतं. इथे लेक १८ मीटरवर असेल. मोह फार झाला होता, तरी नमस्कार करून परत आलो.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "बाबा, नवा घेतला तरी दर वर्षी सर्व्हिसला कुरिअरनेच पाठवायचा ना? आणि परत आला की तो बरोबर जोडलाय हे आपल्याला कळणार कधी? थेट मालवणला, पाण्यात."

तिचं म्हणणं बरोबर होतं. वापर झाला नाही तरी ठराविक काळाने सर्व्हिस लागतेच. चालू केंद्राचा रेग्युलेटर रोज पाण्यात जातो, बिघाड त्याच दिवशी कळतो आणि दुरुस्त करणारा माणूस तिथेच असतो. आमचा अकरा महिने कपाटात बसेल. वर्षाला दहा डाइव्ह करणाऱ्या नागपूरकराने रेग्युलेटर शेवटी घ्यावा, किंवा घेऊच नये, असं आता माझं मत आहे. "जीव त्याच्यावर आहे" हे खरं, आणि म्हणूनच.

आपलं म्हणून एकच घ्यायचं: तोंडात धरायचं सिलिकॉनचं माउथपीस. प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेलं असतं, केंद्रावर विचारून दोन मिनिटांत बदलता येतं. लेकीचा जबडा लहान आहे, जानेवारीत तो संध्याकाळपर्यंत दुखत होता.

१० ऑगस्ट

कॉम्प्युटर. प्रत्येकाचा वेगळा, यात काटकसर नाही. शरीरात किती नायट्रोजन मुरला, म्हणजेच किती वेळ खाली राहणं सुरक्षित, हे त्या-त्या माणसाच्या खोली आणि वेळेवर ठरतं. दोन मीटर वर असलेल्या लेकीचा हिशेब माझ्या मनगटावर होऊ शकत नाही. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या छापील तक्त्यात पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, पण ती अख्खा वेळ तळाशी धरून. कॉम्प्युटर खरा प्रवास मोजतो.

सुन्टो झूप नोवो आणि क्रेसी लिओनार्दो यांवर येऊन थांबलो. झूपला चार बटणं, लिओनार्दोला एकच. दोन्हींचे आकडे मोठे आहेत, मला चष्म्याशिवाय वाचता आले. बॅटरी घरी बदलता येणं ही माझी मुख्य अट होती, ती दोन्हीत पुरी होते. एका बटणावर दोघांचं एकमत झालं. दोन लिओनार्दो. या यादीतला सर्वांत मोठा खर्च हाच.

त्या निमित्ताने लेकीकडून हवेचं गणित करून घेतलं. ११.१ लिटरचा सिलिंडर २०० बारला म्हणजे २,२२० लिटर हवा. ५० बार राखून ठेवायची, उरली १,६६५. मिनिटाला २० लिटर श्वास धरला तर १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून ४० लिटर. म्हणजे ४१ मिनिटं. तिने तोंडी केलं आणि मग विचारलं, "घाबरल्यावर किती?" जानेवारीत पहिल्या दिवशी तिचा सिलिंडर २२ मिनिटांत ५० बारवर आला होता. तो आकडा वहीत लिहून ठेवला आहे.

७ सप्टेंबर

रेग्युलेटरचे वाचलेले पैसे कुठे घालायचे हे आज ठरलं. लेकीचं जॅकेट.

केंद्रावर लहान मापाचं मिळेल याची खात्री नाही, आणि घाबरण्याचं निम्मं कारण मला त्या ढिल्या जॅकेटमध्ये दिसतं. माणूस कलंडला की हात मारतो, हात मारले की दम लागतो, दम लागला की हवा संपते. बीसीडीत यंत्र थोडं असतं: एक पिशवी, हवा भरायचं बटण, सोडायच्या झडपा. अकरा महिने कपाटात राहिलं तरी घरी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवलं की गळतं का ते कळतं. ही परीक्षा नागपुरात होते, रेग्युलेटरची होत नाही.

मुंबईच्या दुकानात घालून पाहिली. पूर्ण फुगवल्यावर श्वास घेता आला पाहिजे, आणि खांद्याला धरून वर ओढल्यावर जॅकेट कानापर्यंत यायला नको. एक्स्ट्रा स्मॉल, प्रवासासाठीचं हलकं, अडीच किलोच्या आत. तिने आरशासमोर दोन्ही हात वर केले, खाली वाकली, उड्या मारल्या. जागचं हललं नाही.

मी माझ्यासाठी भाड्याचंच वापरणार. माझं माप सगळीकडे मिळतं.

१२ ऑक्टोबर

पुण्याहून इन्स्ट्रक्टर सिलिंडर घेऊन आले होते. शहरातल्या एका तरणतलावात सकाळी दोन तास मिळाले. नवं जॅकेट, तीन मिलिमीटरचा सूट, बूट, फिन्स, सगळं पहिल्यांदा एकत्र.

वजनाची परीक्षा: जॅकेट रिकामं, साधा श्वास धरून उभं राहायचं, पाणी डोळ्यांशी यायला हवं, श्वास सोडल्यावर बुडायला हवं. सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना करायची, कारण भरलेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या हवेचंच वजन अडीच किलोच्या आसपास असतं. लेकीला २ किलो शिसं पुरलं.

समुद्रात एवढ्यावर भागणार नाही. ती ५२ किलोची, सामान धरून साधारण ७७. पाण्यात तरंगत असताना ती तेवढंच पाणी बाजूला सारते. खारं पाणी गोड्याहून अडीच टक्के जड, म्हणजे तेवढ्याच जागेत सुमारे दोन किलो जास्त उचल. मालवणला ४ किलोपासून सुरुवात करायची.

शेवटच्या वीस मिनिटांत ती तळापासून हातभर वर आडवी झाली, हात छातीवर बांधले आणि थांबली. श्वास आत गेला की चार बोटं वर, बाहेर गेला की चार बोटं खाली. मी बाजूला गुडघ्यावर बसून पाहत होतो. सिलिंडर पाठीच्या मधोमध होता.

घरी येऊन सगळं दोनदा धुतलं. तलावातलं क्लोरीनही निओप्रिनला वाईटच.

२३ नोव्हेंबर

मालवणहून परवा आलो. सहा डाइव्ह. लेकीला ४ किलो बरोबर लागलं. तिचा सर्वांत लांब डाइव्ह ४३ मिनिटांचा, ९ मीटरवर, ७० बार घेऊन वर आली. माझ्या मास्कमध्ये पाणी आलं नाही. तिच्या फिन्सचा एक स्प्रिंग बोटीच्या कडेला अडकून वाकला आहे, तो वर्कशॉपमध्ये सरळ करतो.

शेवटच्या डाइव्हनंतर त्याच दिवशी निघालो नाही. मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून, एकाहून जास्त डाइव्ह झाल्या की विमानाआधी निदान १८ तास थांबावं अशी शिफारस आहे. आम्ही आगगाडीलाही तेच पाळलं, कारण कसारा घाट चढून इगतपुरीला गाडी सुमारे ६०० मीटरवर येते. कॉम्प्युटरवरचं विमानाचं चिन्ह गेल्यावरच कुडाळहून बसलो.

परवा संध्याकाळीच न्हाणीघरातल्या टबात सगळं रात्रभर भिजत घातलं. जॅकेटच्या पिशवीत नळीने गोडं पाणी भरून, हलवून, उलटं करून काढलं. पहिलं पाणी चाखून पाहिलं, खारट होतं. तिसऱ्या वेळचं अळणी लागलं. मग मागच्या गॅलरीत सावलीत टांगलं. आज सकाळी लेकीच्या आईने हात लावून पाहिलं आणि कप्प्याची किल्ली दिली.

जॅकेट अर्धं फुगवून ठेवलं. कॉम्प्युटरची बॅटरी ऑक्टोबर २०२६ मध्ये, जायच्या आधी बदलायची. फिटर भाऊंना ०१४ च्या सहा ओ-रिंगा बाजूला काढायला सांगितल्या. केंद्रावरच्या सिलिंडरची एक फुटकी निघाली होती, आमच्या डबीतली दिली.